तीन टाकळ्या आणि न पोचवलेलं कार्ड

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराचं नाव नाणं उडवून ठरलं, हे वाचलं आणि मी नगर जिल्ह्याच्या प्रवासाला निघालो. दोन्हींचा संबंध काय ते सांगतो.

साल एकोणीसशे एकाहत्तर, महिना माघ. नगरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. वय सव्वीस. रविवारच्या पुरवणीतलं अर्धं पान माझ्याकडे असे, आणि ते गमतीच्या माहितीनं भरायचं असे. माझा मोठा आधार म्हणजे रद्दीचं दुकान. तिथे जुनी अमेरिकन मासिकं किलोवर मिळत. त्यातल्याच एका मासिकात एकाच नावाच्या गावांवर लेख सापडला. स्प्रिंगफील्ड नावाची गावं म्हणे तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत आहेत. कॅन्सस सिटी दोन आहेत, मधून राज्याची हद्द जाते, आणि त्यातली मोठी कॅन्सस राज्यात नाहीच, शेजारच्या मिसुरीत आहे. न्यूयॉर्क राज्यात एक बॉम्बे आहे आणि एक दिल्लीही. तिला तिथले लोक 'डेलहाय' म्हणतात. एका राज्यात एकाच नावाची दोन पोस्टं नकोत, असा टपालखात्याचा कटाक्ष असल्यामुळे कित्येक गावांचं बारसं पुन्हा करावं लागलं. आणि पोर्टलंड? जागेचे मालक दोघे, एक बॉस्टनचा आणि एक पूर्वेकडच्या जुन्या पोर्टलंड गावचा. दोघांनाही आपापल्या गावाचं नाव हवं होतं. तीनदा नाणं उडवलं, पोर्टलंडवाला जिंकला.

मी हे सगळं संपादकांना मोठ्या उत्साहानं ऐकवलं. ते म्हणाले, अमेरिका राहू दे, आपल्या जिल्ह्यात टाकळ्या किती, पिंपऱ्या किती, वडगावं किती ते मोज आणि दोन-चार ठिकाणी जाऊन ये. तीन टाकळ्या ठरल्या. सोमवारी निघायचं, गुरुवारी संध्याकाळी पाचला मजकूर खिळे लावणाऱ्या जुळाऱ्यांच्या हातात द्यायचा. पाच म्हणजे पाच. पानाला उशीर करणारा माणूस आमच्याकडे फार दिवस टिकत नसे, आणि मी टिकून होतो.

पहिली टाकळी राहुरीच्या बाजूची. नगरहून राहुरीपर्यंत एसटी, पुढे दोन कोस भाड्याची सायकल. आज तुम्ही गाडीनं गेलात तर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसेल. तेव्हा मुळा धरणाचं काम आटपत आलेलं होतं आणि पाण्याची वाट बघणारी रानं ज्वारीची होती. हुरड्याचे दिवस होते. रस्त्याकडेच्या एका शेतात मला हाक मारून बसवलं, शेणीच्या आरावर भाजलेली कणसं हातावर चोळून दिली, वर लसणाची चटणी. या भागात यायचं असेल तर हुरड्यासाठी याच दिवसांत या. रस्ते कोरडे असतात, ऊन सोसतं आणि अनोळखी माणसाला कुणी उपाशी पाठवत नाही.

गावात पिठाची गिरणी होती आणि गिरणीवाले बाबूराव हे गावाचं अर्धं कामकाज तिथूनच चालवत. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया, मोठा आवाज. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे गिरणी बंद असतानाही ते ओरडूनच बोलत. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक तार बांधली होती आणि तिला चार-पाच पोस्टकार्डं टोचलेली होती. मी विचारलं तर म्हणाले, ही आमची नव्हेत, दुसऱ्या टाकळ्यांची. पिनकोड अजून यायचा होता. पत्त्यात 'मु. टाकळी, जि. अहमदनगर' एवढंच असलं की कार्ड कुठल्याही टाकळीला जाई.

"पोष्टाचा काय दोष?" बाबूराव म्हणाले. "लिवनाराच तालुका खातो."

मग त्यांनी रीत सांगितली. चुकलेलं कार्ड गिरणीत येतं, तारेला लागतं. दळण न्यायला येणाऱ्यांपैकी कुणी त्या दिशेच्या बाजाराला, लग्नाला निघाला असेल तर तो ते नेतो. मात्र नेणाऱ्याला ते आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्यानं ते परत म्हणून दाखवायचं. कार्ड भिजेल, फाटेल, वाटेत पडेल. सांगावा पोचला पाहिजे. दुसऱ्या टाकळ्यांतही असंच चालतं, कुठे देवळात, कुठे किराणा दुकानात. मी भराभर टिपून घेत होतो. अमेरिकेच्या टपालखात्याला उत्तर मिळालं होतं.

मी पूर्वेकडच्या टाकळीला गुरुवारी जाणार आहे म्हटल्यावर बाबूरावांनी तारेवरचं एक कार्ड काढलं. तिथल्या एका बाईला तिच्या लेकीनं लिहिलेलं. लेकीचं सासर बाबूरावांच्या गावापासून कोसावरच, म्हणून कार्ड जवळच्या टाकळीत येऊन पडलेलं. त्यांनी ते वाचलं. "ती. आईस. मी बरी आहे. दिवाळीचं मामंजींनी मनातून काढलं. मला पाठवायला हो म्हणाले. येत्या अमावास्येला सातवा सरतो. त्याच्या आत मुराळी पाठव. दादाला रजा नसली तर कुणालाही पाठव. आठव्यात पाठवणार नाहीत."

लग्नातल्या मानपानावरून दोन्ही घरांत तेढ होती, दिवाळीलाही पोरीला पाठवलेलं नव्हतं, असं बाबूरावांनी सांगितलं. आता पहिल्या बाळंतपणाला व्याही नमलेत. पण माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय सून घराबाहेर पडत नाही, आणि आठव्या महिन्यात पोटुशीला हलवत नाहीत. अमावास्येला अजून दोन आठवडे होते.

मी कार्डावरचा मजकूर शब्दाला शब्द परत म्हणून दाखवला. बाबूराव खूश झाले. पेपरवाल्याचं पाठांतर लई भारी, म्हणाले.

दुसरी टाकळी पारनेरच्या बाजूची. पुणे रस्त्यानं सुप्यापर्यंत गेलो. आज सुप्याला कारखान्यांच्या रांगा आहेत. तेव्हा एक हॉटेल, एक पंक्चरवाला आणि बसची वाट बघणारे आम्ही आठ-दहा जण, एवढंच सुपे होतं. तिथून पारनेरची गाडी, पुढे बैलगाडी. जेवायला मासवडी आणि बाजरीची भाकरी मिळाली. मासवडीचा रस्सा इतका तिखट की माझं नाक वाहायला लागलं आणि वाढणारी माउली पदर तोंडाला लावून हसत राहिली. पारावर दोन म्हातारे होते. त्यांना विचारलं, तीन टाकळ्यांपैकी मूळची कुठली? त्यांची टाकळी सगळ्यांत थोरली आणि बाकीच्या तिच्यातून उठून गेलेल्या, यावर दोघांचं एकमत होतं. मी पोर्टलंडची गोष्ट सांगितली. एकानं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "गावाचं नाव नाणं उडवून? मंग पोरगी देताना बी उडवत्यात का?"

बुधवारी रात्री घरी आलो तेव्हा वही भरलेली होती. दोन टाकळ्यांतच लेख होण्याइतका ऐवज होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे केलं त्याला गरज होती असं कुणाला वाटू नये.

गुरुवारी सकाळी पूर्वेकडच्या एसटीत बसलो. गाडी वाटेत तापली, पाणी घालून निघेपर्यंत तास गेला. फाट्यावर उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. तिथे चहाचं एक छप्पर होतं. चहावाला म्हणाला, टाकळी तीन कोस, आज गाडी नाही, चालत जावं लागेल. नगरची परतीची एसटी अर्ध्या तासात आणि त्यानंतरची चारला. चारच्या गाडीनं गेलो तर पाच चुकणार. मी चहा घेतला. गाव कसं आहे ते चहावाल्याला विचारलं. त्यानं देऊळ सांगितलं, ओढा सांगितला, घरं किती ते सांगितलं. मी लिहून घेतलं. कार्ड त्याच्याकडे द्यावं असं मनात आलं. पण मग बाबूरावांच्या रीतीप्रमाणे वाचून दाखवणं आलं, त्याच्याकडून म्हणवून घेणं आलं, आणि तेवढ्यात धूळ उडवत एसटी आलीच. मी चढलो.

पावणेपाचला लेख दिला. शेवटचा परिच्छेद असा होता: 'पूर्वेच्या टाकळीत एका सुरकुतलेल्या म्हातारीच्या हातात मी तिच्या लेकीचं कार्ड ठेवलं. तिनं ते डोळ्यांना लावलं आणि काही न बोलता माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. अमेरिकेला जे कायदा करून साधावं लागलं, ते आमच्या टाकळ्यांनी माणुसकीनं साधलं आहे.' संपादकांनी एक शब्द बदलला नाही. रविवारी लेख आला आणि आठवडाभर पत्रं येत राहिली. प्रत्येकाला तो शेवट आवडला होता.

कार्ड माझ्या झोळीत होतं. विसरलो असं म्हणणं सोपं आहे. मी विसरलो नव्हतो. सोमवारी आठवलं, बुधवारी आठवलं. पाकिटात घालून, तालुका लिहून टपालात टाकायला फारसा वेळ लागला नसता. पण टाकलं असतं तर माझ्या लेखानंतर आठ दिवसांनी ते त्या बाईला मिळालं असतं आणि गावात कुणीतरी वार मोजले असते. मग अमावास्या गेली आणि विषय संपला असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी बाबूराव गिरणीचा पट्टा घ्यायला नगरला आले आणि कचेरीत डोकावले. मला वाटलं शाबासकी द्यायला आलेत. ती त्यांनी दिलीही. त्यांच्या गावाचं नाव पेपरात आलं म्हणून गिरणीत लेख चिकटवला होता. चहा आला. चहा पिताना ते म्हणाले की त्या पोरीचं मात्र वाईट झालं. मुराळी आलाच नाही. तिचा नवरा साखर कारखान्यावर कामाला, तिथे त्यानं लेख वाचला, कापून घरी नेला. सासऱ्यानं तो चारचौघांत वाचून घेतला. कार्ड मिळालं, डोळ्याला लावलं, पेपरवाल्याला गूळ दिला, आणि लेकीला आणायला माणूस नाही. आम्ही वाकलो आणि यांनी तोंडावर दार लावलं, असं सासरा गावभर सांगतोय. पोरगी जेवत नाही.

"आईचं काळीज असं कसं वो?" बाबूरावांनी मला विचारलं.

मी त्यांना पट्ट्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेलो. या सगळ्या प्रकारात मला अजून सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या जिन्याची.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी त्या फाट्यावर उतरलो आणि तीन कोस चाललो. प्रवासवर्णन म्हणून सांगतो: रस्ता सपाट आहे, मध्ये कुठे सावली नाही, पाणी बरोबर ठेवा. अडीच-तीन तास पुरतात. त्या गुरुवारी चाललो असतो तर दोनच्या आत पोचलो असतो आणि लेख एक रविवार उशिरा छापला गेला असता, इतकंच.

बाई खळ्यावर ज्वारी उपणत होती. म्हातारी नव्हती. चाळिशीची, उंच, काटक. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. मी नगरहून आलोय म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि मुलाचं काही बरं-वाईट झालं का, असं घाबरून विचारलं. त्या गावात पेपर येत नव्हता. मी कार्ड पुढे केलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचलं. खरं तर वाचायची गरज नव्हती, मला पाठ होतं.

तिनं बोटांवर महिने मोजले. एकदा मोजले, परत मोजले. मग म्हणाली, "सातवा सरला की दादा."

मी सगळं सांगितलं. फाटा, चहा, एसटी, लेख, गूळ. शेजारची एक बाई ऐकत उभी होती, तिनं मला दोन शब्द सुनावले, ते इथे लिहीत नाही, चूक नव्हते. आईनं तिला थांबवलं. ज्वारीवर गोणपाट टाकायला सांगितलं, घरात गेली, भाकरी फडक्यात बांधल्या, पाण्याचा तांब्या घेतला आणि बाहेर आली. पायांत काही नव्हतं. आठव्यात पोरीला आणता येत नाही, तर मी तिच्याकडे जाते, म्हणाली. आणि मला म्हणाली, "तुमी छापलं ना? मंग आता तुमीच सांगायचं. मी तोंड उघडनार न्हाई."

भाकरी आणि पाणी कशासाठी, ते एसटीत कळलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. त्या घरी जाऊन राहायचं तर तिला सगळं आपलं आपण बघावं लागणार होतं, आणि तेही ज्यांनी गावभर नावं ठेवली त्यांच्या दारात.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या सासरच्या ओसरीवर पोचलो. मी पेपरवाला म्हटल्यावर सासऱ्यानं उठून जागा दिली. विहिणीकडे त्यानं पाहिलं नाही. माझा लेख घडी घालून त्याच्या कोपरीच्या खिशातच होता. मी सांगितलं की यातला शेवटचा भाग खोटा आहे. मी टाकळीला गेलोच नव्हतो. कार्ड काल दिलं. त्यानं लेखाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विहिणीकडे मान वळवली. त्याला वाटलं, तिनंच मला रडून-भेकून सोबत आणलंय.

"बाईमानसाची दया आली म्हनून बोलताय तुमी," तो म्हणाला. "छापल्यालं खोटं असंल तर मंग खरं कुठं बघायचं आमी?"

मी छापून देतो म्हटलं. ते येईल तेव्हा बघू, तो म्हणाला.

लेक आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. अंगावर जड झालेली, चेहरा उतरलेला. ती आईशी बोलली नाही. मलाच तिनं विचारलं की कार्ड डोळ्याला लावलं असं लिहिलंय, ते तरी खरं का. मी नाही म्हणालो. एवढं एक हो म्हणावं, असा मोह मला झाला होता, हेही लिहून ठेवतो.

"मंग काय केलं आईनं?"

मी जे पाहिलं ते सांगितलं. बोटं मोजली. दोनदा मोजली. ज्वारी तशीच टाकली आणि पायांत काही न घालता निघाली. एवढंच होतं. लेकीनं आईच्या पायांकडे पाहिलं आणि येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. सासऱ्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं, पण उठवलं नाही.

त्या घरात आईला राहता येणं शक्य नव्हतं. तिला मी बाबूरावांकडे घेऊन गेलो. तिथेही सगळं सांगावं लागलं. बाबूरावांचा आवाज मी पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला.

"मी वाचून दावलं हुतं तुमाला," ते म्हणाले. "तुमी परत म्हनून बी दावलं हुतं."

आईला त्यांनी घरात ठेवून घेतलं. एका टाकळीची बाई दुसऱ्या टाकळीत दोन महिने राहिली, गिरणीत दळणं करून पोट भरलं, आणि रोज कोसभर चालत लेकीकडे जाऊन संध्याकाळी परत येत राहिली.

खुलासा छापायला संपादक तयार नव्हते. गमतीच्या पानावर कुणी माफी मागतं का, लोक हसतील, म्हणाले. मग म्हणाले, एक ओळ देऊ, 'अनवधानाने' असं लिही. अनवधान नव्हतं, म्हणून मी तो शब्द घातला नाही. शेवटी चार ओळी आल्या, त्याच जागी, माझ्या नावानं. लोक हसले नाहीत. कुणी वाचल्याच नसाव्यात. मी अंक घेऊन स्वतः गेलो. सासऱ्यानं त्या ओळी मुलाकडून दोनदा वाचून घेतल्या. मग विहिणीला ओसरीवर बसायला घोंगडं टाकायला सांगितलं. मला बस म्हणाला नाही.

परत नगरला आलो, नोकरी केली, पुढे पुष्कळ हिंडलो, पुष्कळ लिहिलं. न गेलेल्या जागेबद्दल पुन्हा लिहिलं नाही, पण याचं श्रेय घ्यावं असं त्यात काही नाही. ती साधी नोकरीची अट होती आणि मी ती मोडली होती. राहुरीकडे नंतरही जाणं झालं. बाबूराव चहा पाजत. मी कुठल्या दिशेला निघालोय हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही.

चैत्र सरता सरता कचेरीत माझ्या नावानं एक कार्ड आलं होतं. अक्षर ओळखीचं. 'मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई काल घरात जेवली. हे पेपरात देऊ नये.'

दिलं नाही. आता या वयात हा ब्लॉग लिहायला बसलो तेव्हा तेव्हा जन्मलेल्या त्या मुलीचा नंबर शोधून फोन केला. तीही आता पन्नाशी ओलांडलेली आहे. लिहू का, असं विचारलं. आईला विचारून सांगते, म्हणाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. आई म्हणते, लिहू द्या, पण आमची नावं नकोत. आणि गावाचं नुसतं टाकळी लिहा. टाकळ्या लई हायत, कुनाला कळनार न्हाई.